गिटारपासून दोन हात

१८६२ साली आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने एक गिटार बांधली. तिची पुढची फळी नेहमीसारखी लाकडाची होती, पण बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची. गिटारचा आवाज घडतो तो पुढच्या फळीत. बाकीच्या पेटीचं लाकूड कितीही महागाचं असलं तरी त्याचा वाटा दुय्यम, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो तिचा साचा याच माणसाने पक्का केला. पेटी मोठी केली, तारेची लांबी ६५ सेंटिमीटरवर स्थिरावली, आणि फळीच्या आतून पंख्यासारख्या पसरलेल्या पातळ पट्ट्या बसवायची पद्धत त्याने परिपूर्णतेला नेली.

तोरेसमुळे गिटारचा आवाज भरदार झाला, पण मोठा म्हणावा असा कधीच झाला नाही. पियानोशेजारी ती झाकली जाते, व्हायोलिनही तिला सहज मागे टाकतं. तार छेडली की नाद उमटतो आणि त्याच क्षणापासून ओसरू लागतो. व्हायोलिनच्या गजासारखा त्याला मागून जोर देता येत नाही. तोरेसच्या गिटारीवर वाजवणारा फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) मोठ्या सभागृहापेक्षा निवडक श्रोत्यांच्या बैठकीत अधिक रमायचा, ते या वाद्याच्या प्रकृतीला धरूनच होतं. वादकाचा श्वास ऐकू येतो, नखाने तार सोडण्याआधीचा बोटाचा स्पर्शही ऐकू येतो, तेवढ्या टप्प्यात गिटारचं खरं राज्य. मग ती जगभर पोचली कशी? सभागृहांमुळे थोडी, तबकडीमुळे फार. आणि तबकडीवर ती कशी उतरली याचा माग काढत गेलं की प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न समोर येतो: ऐकणारं यंत्र गिटारपासून किती लांब ठेवायचं? मला तर एकल गिटारच्या ध्वनिमुद्रणाचा सगळा इतिहास या अंतराचाच इतिहास वाटतो.

सुरुवातीला अंतर हा प्रश्नच नव्हता, कारण ते जवळजवळ शून्य होतं. माइक नव्हता, वीज नव्हती. एक भोंगा, त्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारं मेण, एवढाच सरंजाम. गाणाऱ्याच्या गळ्यातला जोरच थेट सुईला मेण कापायला लावायचा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या लोकांनी कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं ते असंच. खुला, ठणठणीत आवाज या यंत्राला मानवायचा. व्हायोलिनसाठी तर श्ट्रो नावाच्या माणसाने लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा लावलेलं वेगळंच व्हायोलिन काढलं होतं, का तर भोंग्यात आवाज शिरावा म्हणून.

गिटारची अडचण नुसत्या हळू आवाजाची नव्हती. भोंग्यातून साधारण २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा बऱ्यापैकी उतरायचा. आता गिटारच्या सहा मोकळ्या तारा पाहा. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, मग ११०, १४७, १९६, २४७ आणि शेवटची पातळ तार ३३०. म्हणजे पाच तारांचा मूळ स्वर यंत्राच्या उंबरठ्याखालीच राहायचा. तरीही त्या तबकड्यांवर आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण वरचे उपस्वर मिळाले की कान खालचा मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. ऐकणाऱ्याचा मेंदू अर्धं काम करायचा, तेव्हा कुठे गिटार पुरी व्हायची.

या काळातला सर्वांत मोठा वादक म्हणजे पॅराग्वेचा आगुस्तिन बारिओस (१८८५–१९४४). १९१० च्या दशकापासून त्याने दक्षिण अमेरिकेत तबकड्या काढल्या, आणि क्लासिकल गिटारचं सातत्याने ध्वनिमुद्रण करणारा पहिला वादक म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. त्याच्या गिटारीला आतड्याच्या नव्हे तर पोलादी तारा असायच्या. त्यावरून त्याला नाकं मुरडणारे पुष्कळ होते. पण पोलादी तार जास्त तेज बोलते, तिच्यात वरचे उपस्वर भरपूर असतात, आणि भोंग्याला नेमकं तेच हवं होतं. बारिओसने तारा निवडल्या त्या भोंग्यासाठी असं मी म्हणणार नाही. पण त्या भोंग्यात टिकल्या हे तबकड्याच सांगतात. त्याच्या काही रचनांची संहिता हाती लागली नाही, तेव्हा पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी सुईची खरखर सोसत, तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून त्या कागदावर उतरवल्या. १९७७ मध्ये गिटारवादक जॉन विल्यम्सने बारिओसच्या रचनांची अख्खी रेकॉर्ड काढली आणि हा संगीतकार जगाला नव्याने कळला. भोंग्याने एवढं राखून ठेवलं, हे त्या ओबडधोबड यंत्राचं ऋण गिटारवाल्यांनी विसरू नये.

वीज आली आणि सगळं बदललं. ई. सी. वेंट या अमेरिकन अभियंत्याने १९१६ च्या सुमारास कंडेन्सर माइक तयार केला. १९२५ पासून मोठ्या कंपन्या विद्युत ध्वनिमुद्रणाकडे वळल्या. आता सुईला हलवायचं काम अॅम्प्लिफायर करत होता. वादकाला भोंग्यात डोकं खुपसायची गरज उरली नाही. पट्टा वर पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंत आणि खाली शंभरच्या आसपास गेला. गिटारच्या खालच्या तारा पहिल्यांदाच बऱ्यापैकी त्यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येऊ लागल्या.

ही संधी ज्याने साधली तो आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७). मे १९२७ मध्ये हिज मास्टर्स व्हॉइससाठी त्याची पहिली तबकडी झाली: एका बाजूला बाखचा गावोत, दुसऱ्या बाजूला सोर या संगीतकाराच्या व्हेरिएशन्स. १९३९ पर्यंत त्याने या कंपनीसाठी ज्या तबकड्या काढल्या, त्यांनी गिटारकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. त्या आजही ऐकाव्यात. गिटार कोरडी आणि जवळ आहे, खोलीचा घुमारा जवळजवळ नाही. पण सेगोव्हियाच्या उजव्या हाताचा रंग इतका दाट आहे की घुमाऱ्याची उणीव भासत नाही. नखाबरोबर बोटाच्या मांसाचाही स्पर्श देऊन तो स्वर काढायचा, आणि तो गोलावा नव्या माइकने टिपला.

पण मेण तेच होतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं, बारा इंचीला चार-साडेचार. मेणावर कापलेलं लगेच ऐकायची सोय नव्हती, कारण ऐकायला सुई फिरवली की ते मेण वाया जायचं. वादकाने वाजवायचं, चुकलं असं वाटलं तर नवं मेण घ्यायचं, आणि खरं काय उतरलं ते पुढे नमुन्याची तबकडी आल्यावर कळायचं. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत कसा बसवायचा, हा पेच आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांपुढेही होता. त्यांनी त्यातून जे केलं ते रत्नजडित काम आहे; सेगोव्हियानेही छोट्या बंदिशींसारखे तुकडे निवडून तसंच केलं. बाखची ‘चाकोन’ त्याने १९३५ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर सादर केली, पण तिला लागायची तेरा-चौदा मिनिटं. म्हणजे तबकडीच्या तीन-चार बाजू, आणि प्रत्येक बाजूच्या शेवटी उठून तबकडी उलटणं. एकसलग उभं राहणारं हे शिल्प श्रोत्याला तुकड्यातुकड्यांतच मिळणार होतं.

सभागृहात वाजवताना सेगोव्हिया माइक लावू द्यायचा नाही. दोन हजार माणसं असली तरी त्यांनी शांत बसून, कान देऊन ऐकावं असा त्याचा आग्रह. आणि माणसं बसायची, कारण घरी तबकडीवर त्यांनी ही गिटार जवळून ऐकलेली असायची. लांबून ऐकताना न मिळालेलं ती आठवणीने भरून काढायची. सभागृहात नाकारलेल्या माइकनेच त्याचं सभागृह भरलं होतं, हे त्याच्या मोठेपणाला कुठेही उणेपणा न आणता म्हणता येतं.

दुसऱ्या महायुद्धाने एक अनपेक्षित वळण आणलं. गिटारच्या पातळ तारा तोवर आतड्याच्या असायच्या, आणि युद्धात आतड्याचा दोरा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागला. तारा मिळेनात. न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टीन या कारागिराने ड्यू पाँट कंपनीच्या नायलॉनपासून तारा करून पाहिल्या, सेगोव्हियाने त्यांना पाठबळ दिलं, आणि १९४० च्या दशकाअखेर नायलॉनची तार बाजारात रुळली. आतड्याची तार हवेतल्या ओलाव्याने उतरते, तिला कुसळं सुटतात, ऐन मुद्रणात ती तुटते. नायलॉन सुरात टिकतं. तासन्‌तास चालणारी मुद्रणाची बैठक या तारेमुळे शक्य झाली.

जाड तारांचा मात्र एक वेगळाच त्रास होता. त्या आत नायलॉनच्या बारीक धाग्यांच्या आणि वरून चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेने गुंडाळलेल्या. गुंडाळीला बारीक दाते असतात. डाव्या हाताचं बोट त्यावरून सरकलं की एकेक दाता ओलांडताना चर्रर्र असा आवाज होतो. बोट जितकं वेगात सरकेल तितका तो आवाज चढा. सभागृहात तो तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही. माइक जवळ आला की तो स्वरांइतकाच मोठा होऊन बसतो. गिटारच्या ध्वनिमुद्रणातली निम्मी भांडणं या आवाजावरून आहेत.

१९४८ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचं. जूनमध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणली आणि त्याच वर्षी अमेरिकेत अँपेक्स कंपनीचं टेप यंत्र कामाला लागलं. चुंबकीय टेप मूळची जर्मनीची. १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली होती. आता ‘चाकोन’ अखंड ऐकता येणार होती, आणि टेप कापून जोडताही येणार होती.

हे कापणं गिटारच्या बाबतीत कसं चालायचं ते जवळून पाहण्यासारखं आहे. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावते. दोन्ही रिळं हाताने हळूहळू मागेपुढे फिरवत कान लावून बसायचं, की नखाने तार सोडल्याचा ‘टक्’ नेमका कुठे येतो ते सापडतं. तिथे मेणपेन्सिलीने खूण करायची आणि खुणेच्या केसभर आधी, तिरक्या खाचेत पातं घालून टेप कापायची. नव्या स्वराचा आघात कापल्याची जागा झाकतो. पण गिटारमध्ये मागचे स्वर अजून वाजत असतात, त्यांची आस नव्या स्वराखाली वाहत असते. एका टेकमध्ये मागची खर्जाची तार जोरात छेडलेली असेल आणि दुसऱ्यात हलकी, तर जोड बसला तरी खालची जमीन अचानक सरकल्याचं कानाला कळतं. व्हायोलिनपेक्षा गिटारचं संपादन अवघड आहे ते यासाठी. जोडायचे दोन टेक एकाच दिवशी, एकाच जागी बसून, माइक तसूभरही न हलवता झालेले असावे लागतात. म्हणून स्टूलची जागा, पायाखालच्या पाटाची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवायची रीत पडली.

टेपची स्वतःची एक सरसर असते. ऑर्केस्ट्रामध्ये ती बुडून जाते, एकट्या गिटारच्या विरामात उघडी पडते. तिच्यावर उतारा काढणाऱ्या रे डॉल्बीचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. १९६३ ते १९६५ या काळात तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून चंडीगढच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेत होता, आणि इथून गेल्यावर लंडनला त्याने आपली प्रयोगशाळा काढली. १९६६ पासून त्याची सरसर कमी करणारी पद्धत स्टुडिओंत पोचली. मोठ्या आवाजाच्या संगीतात तिचा फायदा झालाच, पण ज्या वाद्याचा सारा जीव हळू स्वरांत आहे त्याला तिने जणू नवी शांतता दिली.

स्टीरिओने वेगळाच पेच टाकला. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. स्टीरिओ रेकॉर्डी दुकानात आल्या १९५८ च्या सुमारास. ऑर्केस्ट्रा डावीकडून उजवीकडे पसरतो हे समजण्यासारखं, पण एकटा माणूस एकच वाद्य मांडीवर घेऊन बसला असताना डावं-उजवं कशाचं? अनेकांनी एक माइक फ्रेटबोर्डकडे आणि एक ब्रिजकडे, दोन्ही अगदी जवळ लावून पाहिले. त्यातून गिटार दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब होते. खालचे स्वर एका कानात, बोटांची चर्रर्र दुसऱ्या कानात. मला हे मुळीच पटत नाही. गिटार मधोमध, माणसाच्या मांडीएवढ्याच रुंदीची असावी, आणि स्टीरिओ उपयोगी पडावा तो तिच्या भोवतालच्या जागेसाठी.

भोवतालची जागा म्हणजे काय, हे ज्या रेकॉर्डींनी शिकवलं त्या गिटारवादक ज्युलियन ब्रीमच्या (१९३३–२०२०). १९५० च्या दशकात त्याने वेस्टमिन्स्टर कंपनीसाठी मुद्रणं केली, पुढे आरसीएसाठी. आणि मग त्याला इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातलं वॉर्डर चॅपेल सापडलं. त्याचं घरही त्याच भागात होतं. निर्माता जेम्स बर्नेट आणि ध्वनिमुद्रक जॉन बोवर यांना घेऊन त्याने अनेक वर्षं तिथेच मुद्रणं केली.

या चॅपेलची कथा गिटारशी कुठेच लागत नाही, आणि तरी ती सांगावीशी वाटते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कॅथलिकांना उघडपणे चर्च बांधायची मुभा नव्हती. लॉर्ड अरंडेल हे कॅथलिक जमीनदार. त्यांनी आपल्या नव्या वाड्याच्याच एका बाजूच्या भागात प्रार्थनागृह बांधून घेतलं. वास्तुकार जेम्स पेन. १७७६ मध्ये ते खुलं झालं, आणि पुढे जॉन सोन या नामवंत वास्तुकाराने ते वाढवलं. घराच्या आडोशाने बांधलेलं पण चर्चच्या मापाचं, उंच आणि लांबट, गावापासून आणि रस्त्यापासून आत. कायद्याच्या भीतीने आडोशाला गेलेली ही वास्तू दोनशे वर्षांनी गिटारच्या कामी आली.

ब्रीमच्या हातात रंग फार होते. ब्रिजपाशी छेडलं की तार धारदार, जवळजवळ धातूसारखी बोलते. हात दहा-बारा सेंटिमीटर फ्रेटबोर्डकडे नेला की तीच तार मखमली होते. एका ओळीत तो चार रंग बदलायचा. माइक वीतभर अंतरावर असता तर हात सरकताना नुसता आवाज कमी-जास्त झाल्यासारखं वाटलं असतं. माइक मागे घेतला की सबंध वाद्याचा आवाज आधी हवेत एकजीव होतो आणि मग माइकपाशी येतो. रंग रंगासारखा ऐकू येतो. भिंतीवरून परतणारा घुमारा तुटक स्वरांना जोडून घेतो, आणि छेडल्या क्षणी मरू लागणारा गिटारचा स्वर थोडा अधिक जगतो. ब्रीमच्या वॉर्डरमधल्या रेकॉर्डी मी या वाद्याच्या ध्वनिमुद्रणाचं शिखर मानतो.

अंतराचं गणित तसं साधं आहे. थेट येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र सगळीकडे जवळपास सारखाच असतो. म्हणून ६० सेंटिमीटरवरचा माइक १२० सेंटिमीटरवर नेला की खोली तुलनेने एकदम पुढे येते. खोली चांगली असेल तर मागे जाता येतं. वाईट असेल तर पुढे यावं लागतं, आणि पुढे यावं तर नखं, श्वास, शर्टाचं बटण पेटीला घासल्याचा आवाज, सगळं मोठं होतं.

माइक रोखायचा कुठे, हाही प्रश्न आहेच. पेटीतल्या हवेचा स्वतःचा स्वर असतो, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, आणि तो साउंडहोलमधून बाहेर पडतो. पुढच्या फळीचा मुख्य स्वर त्याच्या दुपटीच्या जवळ, २०० च्या आसपास. माइक सरळ साउंडहोलवर रोखला की खालचे काही स्वर ढोलासारखे फुगतात. त्यातून एका दिशेने ऐकणारा माइक असेल तर जवळ आल्यावर तो स्वतःच खर्ज वाढवतो. म्हणून बहुतेक जण तो बाराव्या फ्रेटकडे, म्हणजे मान पेटीला मिळते त्या जागेकडे, रोखून सुरुवात करतात आणि मग कानाने सरकवतात. सर्व दिशांनी ऐकणाऱ्या माइकला खर्ज फुगवायची खोड नसते. चांगल्या वास्तूत काम करणारे त्यालाच पसंती देतात. नॉयमन कंपनीचा केएम ८४ हा छोटा कंडेन्सर १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओसाठी घडला. त्या रेडिओकडे आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, तोच माइकला द्यायचं ठरलं, आणि आज जगभरच्या स्टुडिओंतले बहुतेक कंडेन्सर माइक ज्या ४८ व्होल्टवर चालतात त्याचं मूळ हे.

वॉर्डरचा वारसा माझ्या मते कॅनडात चालू राहिला. हाँगकाँगमध्ये क्लाउस हायमान यांनी १९८७ मध्ये नॅक्सॉस ही कमी किमतीच्या सीडींची कंपनी काढली. १९९४ पासून तिच्या गिटार मालिकेचं काम गिटारवादक नॉर्बर्ट क्राफ्ट आणि त्यांच्या पत्नी बॉनी सिल्व्हर यांनी हाती घेतलं, आणि मालिकेतली बहुसंख्य मुद्रणं ऑन्टारिओमधल्या न्यूमार्केट गावच्या सेंट जॉन क्रिसोस्टम चर्चमध्ये झाली. एकच वास्तू, तेच कान, आणि समोर देशोदेशींचे वादक. अमेरिकेतल्या मोठ्या गिटार स्पर्धेच्या विजेत्याला नॅक्सॉससाठी मुद्रण करायला मिळतं, त्यामुळे विशीतले वादकही तिथे जाऊन बसले. खोली बदलत नसल्याने वादकांतला फरक स्वच्छ दिसतो. या मालिकेचं हे मोल तिच्या किमतीमुळे फार कमी लोकांच्या लक्षात आलं. ध्वनिमुद्रक स्वतः गिटारवादक असल्याचा फायदाही ऐकू येतो. कुठली चर्रर्र संगीताचा भाग आहे आणि कुठली केवळ थकलेल्या हाताची, हे ज्याने स्वतः वाजवलंय त्यालाच पटकन कळतं.

चर्चला जायची ज्यांची ऐपत नव्हती त्यांनी चर्च स्टुडिओत आणायची खटपट मागेच सुरू केली होती. १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने पोलादाचा मोठा पत्रा चौकटीत टांगून त्यातून घुमारा काढला. १९७८ मध्ये लेक्सिकॉन कंपनीचं घुमाऱ्याचं डिजिटल यंत्र आलं. नव्वदच्या दशकाअखेर तर खऱ्या वास्तूत एक आवाज सोडून तिचा प्रतिसादच टिपून ठेवायचा आणि हव्या त्या वाद्यावर चढवायचा, अशी सोय झाली. आज मुंबई-पुण्यातला गिटारवादक रात्री एक वाजता पंखा बंद करून, खिडक्या लावून, गादी भिंतीला उभी करून दोन माइकपुढे बसतो आणि सकाळी त्यावर युरोपातल्या एखाद्या चर्चचा घुमारा घालतो. त्याला हसणं मला जमत नाही. त्याच्यापाशी तेवढाच मार्ग आहे. पण एक गोष्ट जरूर सांगावीशी वाटते. हातभर अंतरावरून टिपलेल्या आवाजात नख मोठं झालेलं असतं. त्यावर घुमारा ओतला की नखही चर्चभर घुमतं, आणि असं खऱ्या चर्चमध्ये कधी ऐकू येत नाही. निदान दोन-तीन हात मागे जावं, छत जिथे सर्वांत उंच तिथे बसावं, जमिनीवरचा गालिचा काढावा कारण तो वरचे स्वर पितो आणि खालचे सोडून देतो. मग घुमारा थोडासाच लागतो.

आपल्या मुलखात लाकडी छताची, चुन्याच्या भिंतींची जुनी चॅपेल्स गोव्यात आहेत, घरोघरी गिटारही आहे. ओल्ड गोव्याच्या मोंत चॅपेलमधल्या मैफिलींनी तिथला नाद अनेकांच्या कानावर घातला आहे. एखाद्या गोवेकर वादकाची एकल गिटार अशा वास्तूत शांतपणे मुद्रित व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मिक्सिंग म्हणावं तर एकट्या गिटारमध्ये मिसळायचं फार काही नसतं, आणि म्हणूनच हात आखडता घ्यावा लागतो. खालचा गडगडाट छाटायचा तर ७० हर्ट्झच्या खालीच, कारण खालची तार एक स्वर उतरवून वाजवली तर ती ७३ वर बोलते. २०० च्या आसपास एखादा स्वर फुगत असेल तर तेवढाच दाबावा. वादकाने उठून जाण्याआधी त्या खोलीची शांतता अर्धा-एक मिनिट वेगळी मुद्रित करून घ्यावी. संपादनात दोन भागांमध्ये निखळ शून्य ठेवलं तर ऐकणाऱ्याला खोलीचं दार बंद झाल्यासारखं वाटतं, तिथे ही शांतता भरावी लागते. आता तारेची चर्रर्र चित्रासारखी पडद्यावर पाहून खोडरबराने पुसता येते. मी ती पूर्ण पुसलेली मुद्रणं ऐकली आहेत. डावा हातच नसलेल्या माणसाने वाजवल्यासारखी ती लागतात. कानाला टोचणारी चार-दोन ठिकाणं निम्म्याने उतरवावीत आणि थांबावं.

आणि आवाजाच्या पातळीचं. पुष्कळ जण शेवटी सगळं दाबून, उंचावून, पॉप गाण्याच्या बरोबरीला आणून सोडतात. स्पॉटिफायसारख्या सेवा नेहमीच्या मांडणीत सगळी गाणी साधारण एका पातळीवर, एलयूएफएस या आवाजाच्या मापात उणे १४ च्या आसपास, आणून वाजवतात. जे जास्त मोठं असेल ते खाली उतरवतात. म्हणजे दाबून मिळवलेली उंची तिथे काढून घेतली जाते आणि दबलेपण तेवढं उरतं. तारेगाच्या ‘आल्हाम्ब्रा’मधला अंगठ्याचा हलका स्वर आणि ‘चाकोन’च्या शेवटचा भरगच्च झंकार यांत जो चढउतार आहे तो तसाच राहू द्यावा, आणि ऐकणाऱ्याला आवाजाचं बटण स्वतः फिरवू द्यावं.